आधी निकाह की आधी व्हिसा?

'मुलगा अमेरिकेत असतो' या वाक्याचे आमच्या प्रताप नगरात आता कुणाला अप्रूप राहिलेले नाही. सोनेगावच्या विमानतळावर उतरणारी विमाने आमच्या गच्चीवरून दिसतात. गल्लीतल्या पाच-सहा घरांत वरचा मजला मुलगा-सुनेसाठी बांधला आणि कुलूप लावून ठेवला आहे. खाली आईवडील दोघेच राहतात आणि रात्री साडेनऊला फोनची वाट बघतात. या वस्तीत मुसलमानांची घरे थोडी. आमचे बहुतेक नातेवाईक मोमिनपुऱ्यात, जाफर नगरात नाहीतर कामठीला. पण मुलांना ओढून नेण्याच्या बाबतीत अमेरिकेने शेजाऱ्यांत आणि आमच्यात फरक केलेला नाही.

२०२२ च्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीला असेच एक स्थळ आले. भाची एम. फार्म. झालेली, एका कॉलेजात शिकवीत होती. मुलाचे आजोबा कामठीचे. वडील तरुणपणी न्यू जर्सीला गेले ते तिथलेच झाले. मुलगा तिकडे वाढलेला, अमेरिकन नागरिक. एका लग्नाच्या निमित्ताने तो महिनाभर नागपुरात होता. घरच्यांच्या देखत दोघे तीन-चार वेळा भेटले, मोकळेपणाने बोलले. दोघांनी होकार दिला. एरवी आमच्याकडे यानंतर मेहर किती आणि दावतीत काय, यावर बैठका होतात. या वेळी बैठका झाल्या त्या तिला तिकडे न्यायचे कसे यावर. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवले. घरातले अर्ज आणि दाखल्यांचे कागद लिहिण्याचे काम पहिल्यापासून माझ्याकडेच. त्यामुळे हेही काम खालाच्याच गळ्यात पडले.

कागद वाचू लागले तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी, की 'मुलगा अमेरिकेत आहे' या एका वाक्याचे कायद्याच्या भाषेत तीन निरनिराळे अर्थ होतात. मुलगा एच-१बी व्हिसावर नोकरीला असेल, तर बायको एच-४ व्हिसावर जाते. तिचे तिथले राहणे नवऱ्याच्या नोकरीला आणि त्या लग्नाला बांधलेले असते. यातल्या काही बायकांना नोकरीची परवानगी मिळू लागली ती २०१५ पासून, तीही नवऱ्याचे ग्रीन कार्डाचे प्रकरण एका ठरावीक टप्प्यापर्यंत पोचले असेल तरच. मुलाकडे ग्रीन कार्ड असेल, तर तो बायकोला कायमचे बोलावू शकतो. पण अशा व्हिसांची दरवर्षीची संख्या ठरलेली असल्याने रांगेत थांबावे लागते. मुलगा नागरिक असेल, तर त्याच्या बायकोला ही संख्येची मर्यादा नाही. तिची वाट अडते ती फक्त कागद तपासून होईपर्यंत. स्थळ बघताना आपण पगार विचारतो, स्वतःचे घर आहे का विचारतो. तू तिथे नेमका कोण म्हणून राहतोस, हा प्रश्न मात्र विचारायचे राहून जाते. मुलीच्या दृष्टीने पगारापेक्षा त्याचे मोल जास्त आहे.

आमचा मुलगा नागरिक होता, म्हणून आमच्यापुढे दोन वाटा होत्या.

पहिली वाट वाग्दत्त वधूची. तिला के-१ व्हिसा म्हणतात आणि ती अमेरिकेने १९७० साली कायद्यात आणली. मुलाने तिकडे अर्ज करायचा. अर्जापूर्वीच्या दोन वर्षांत दोघे प्रत्यक्ष भेटलेले असावेत आणि दोघेही लग्न करायला मोकळे असावेत, या तिच्या अटी. मुलगी अविवाहित म्हणून विमानात बसते आणि तिथे उतरल्यापासून ९० दिवसांच्या आत त्याच मुलाशी लग्न करते. त्यानंतर ग्रीन कार्डासाठी वेगळा अर्ज करायचा. त्यातून परवाना हाती येईपर्यंत तिला नोकरी करता येत नाही. प्रवासाची परवानगी न घेता देशाबाहेर पडली तर अर्ज बुडतो. आणि ९० दिवसांत लग्न झालेच नाही, तर तिला परत यावे लागते.

दुसरी वाट बायकोची. आधी लग्न करायचे आणि मग नवऱ्याने 'आय-१३०' नावाचा अर्ज भरायचा. तो मंजूर झाला की कागद न्यू हॅम्पशायरमधल्या व्हिसा केंद्रात जातात, आणि शेवटी मुंबईला बांद्रा-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत होते. तोवर मुलीने इकडेच थांबायचे. पण एकदा ती तिथे उतरली, की पहिल्या दिवसापासून कायमची रहिवासी. दुसऱ्या दिवशी नोकरी शोधायला बाहेर पडली तरी तिला कुणी अडवू शकत नाही. लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील, तर तिला मिळणारे कार्ड दोन वर्षांपुरते सशर्त असते आणि मुदत संपताना दोघांनी मिळून अर्ज करून ती अट काढून घ्यायची असते. लग्न खरे होते पण मोडले, किंवा नवऱ्याने छळ केला, तर तो अर्ज बाईला एकटीलाही करता येतो.

आता आमची बैठक कशी झाली ते सांगते. अम्मी ऐंशीच्या पुढची. तिचे म्हणणे सरळ होते. बिननिकाहाची पोर सातासमुद्रापार परक्या घरी पाठवायची? आणि तिथे गेल्यावर नव्वद दिवस ती त्या घरात कोण म्हणून राहणार? मेहुण्यांचे म्हणणे वेगळे. मुलाची नानी तिकडे अंथरुणाला खिळलेली होती आणि नातसून बघायची तिची इच्छा होती. वाग्दत्त वधूची वाट थोडी आखूड आहे असे त्यांनी ऐकले होते. ते म्हणाले, एवढीतेवढी गोष्ट काय धरून बसायची, निकाह तिकडच्या मशिदीत होईल. मोमिनपुऱ्याहून आलेल्या मामूंनी तिसराच तोडगा काढला. "फोनवर निकाह पढवून टाका. मुलगा तिथे, मुलगी इथे. अम्मीचेही समाधान आणि वेळही वाचेल."

फोनवरचा निकाह आपल्या समाजात नवा नाही. आखाती देशांत माणसे गेली तेव्हापासून तो चालत आला आहे. शरीयतीत ईजाब आणि कबूल एका मजलिसमध्ये, साक्षीदारांच्या समोर व्हावे लागतात. म्हणून दूर असलेल्या नवऱ्याने इथे आपला वकील नेमायचा आणि त्याने कबूल करायचे, असा मार्ग उलेमांनी दाखवला आहे. पण अमेरिकेच्या व्हिसाच्या कायद्यात अशा निकाहाला जागा नाही. १९५२ च्या त्या कायद्यात पती-पत्नीची व्याख्या करतानाच म्हटले आहे, की विवाहविधीच्या वेळी दोघे एकमेकांसमोर प्रत्यक्ष हजर नसतील, तर ते लग्न धरले जाणार नाही. त्यानंतर दोघांचा नवरा-बायको म्हणून संबंध आला असेल तरच धरले जाईल. याचे मूळ आणखी जुने आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हवाई आणि कॅलिफोर्नियात राबणारे जपानी मजूर फोटो बघून मायदेशातली मुलगी पसंत करायचे. लग्न तिकडे जपानात लागायचे आणि नवऱ्याचे तोंड न बघितलेली बायको बोटीने यायची. १९२४ च्या कायद्याने अशा फोटोच्या आणि मुखत्यारीच्या लग्नांना नकार दिला. त्यामागे परक्यांबद्दलचा आकसही होता, हे खरे. तरी मला वाटले, फोनवर निकाह पढवूनही मुलाला यावे लागणारच असेल, तर त्याने आधीच येऊन समोर बसून कबूल म्हणावे. त्यात कुणाचे काय जाते?

खरा धोका चौथ्या तोडग्यात होता. व्हिसाचे कागद करून देणाऱ्या एका माणसाने मेहुण्यांना सुचवले, "निकाह घरातल्या घरात पढवून घ्या. कुठे नोंदवू नका, फोटो काढू नका. कागदावर मुलगी अविवाहितच दाखवू आणि वाग्दत्त वधूचा व्हिसा काढू. पुष्कळ लोक असेच करतात." ऐकायला किती सोयीचे! अम्मीचा निकाह झाला, मेहुण्यांचा वेळ वाचला. बैठकीत क्षणभर सगळ्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखे भाव आले.

मला मात्र त्यात दोन गोष्टी दिसल्या. एक कायद्याची. आपल्या देशात निकाह नोंदवलेला नसला तरी तो पूर्ण लग्नच असतो. साक्षीदारांसमोर ईजाब-कबूल झाले की ती मुलगी बायको झाली. मग वकिलातीतल्या अधिकाऱ्यासमोर 'मी अविवाहित आहे' असे तिने सांगायचे, ते खोटे. खोटे सांगून व्हिसा मिळवला असे ठरले, तर अमेरिकेचे दार कायमचे बंद होऊ शकते. आणि सही त्या एजंटाची नसते, मुलीची असते.

दुसरी गोष्ट मला अधिक बोचली. ज्या निकाहाचा पुरावाच ठेवायचा नाही, तो निकाह कुणाच्या कामाचा? मुलाने तिकडे गेल्यावर म्हटले, की आमचा निकाह झालाच नव्हता, तर? तिच्याकडे निकाहनामा नाही, नोंद नाही, मेहरचा कागद नाही. इथे येऊन दुसरा निकाह करू म्हटले, तर पहिल्यातून सुटका झाल्याचे काय दाखवणार? अनिवासी नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की २००९ मध्ये राष्ट्रीय महिला आयोगाला त्यासाठी वेगळा कक्ष उघडावा लागला. त्यात सगळ्या धर्मांच्या मुली आहेत. आमचा मुलगा चांगला होता, आजही आहे. पण कागद करायचे असतात ते माणूस वाईट आहे म्हणून नव्हे. माणूस चांगला असतो तेव्हाच ते भांडणाशिवाय करून घेता येतात.

निकाहाचा ऐलान करावा, चार लोकांना कळू द्यावे, असे आपला दीन सांगतो. लपवलेल्या नात्याला आणि निकाहाला वेगळे ठेवणारी रेघ तीच आहे. तिकडचा कायदाही निराळ्या शब्दांत तेच विचारतो. तुम्ही समोरासमोर भेटलात का? दोघांची मर्जी होती का? लोकांच्या देखत झाले का? मशीद आणि वकिलात एकच गोष्ट मागत असताना मधल्या माणसाचे ऐकून आपण दोघांशी खोटे का बोलावे?

एवढा वेळ भाची काही बोलली नव्हती. माझे संपल्यावर ती म्हणाली, "खाला, मला लवकर जायचे आहे की उशिरा, हे कुणी विचारलेच नाही. मला उशीर चालेल. पण तिथे विमानातून उतरल्यावर मी कोण आहे, हे मला माझ्या पासपोर्टात बघून सांगता आले पाहिजे. कुणाच्या तोंडाकडे बघून नव्हे."

निर्णय तिथेच झाला. बायकोची वाट.

जानेवारी २०२३ मध्ये मुलगा आला आणि निकाह झाला. आमच्याकडे नवरी आतल्या खोलीत असते. वकील आणि साक्षीदार आत जाऊन तिची इजाजत घेऊन येतात आणि नवरा बाहेर कबूल म्हणतो. या वेळी बहिणीने दोघांना एकाच दालनात बसवले, मध्ये फुलांचा पातळ पडदा. काझीसाहेबांची त्याला हरकत नव्हती. सगळ्यांचे फोटो निघाले. मेहरचा अर्धा भाग तिथल्या तिथे दिला गेला आणि उरलेला कधी द्यायचा ते लिहिले गेले. निकाहनाम्याच्या छापील कागदावर शर्तींसाठी जागा नव्हती. म्हणून वेगळ्या कागदावर तिचे शिक्षण, तिची नोकरी आणि तलाक-ए-तफवीजची शर्त लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. नवऱ्याने विशिष्ट परिस्थितीत तलाकचा हक्क बायकोकडे सोपवणे म्हणजे तफवीज. शरीयतीत ते आहे आणि आपल्या कोर्टांनीही मानले आहे. मुलाच्या वडिलांच्या कपाळावर आठी आली. मुलाने पेन काढून आधी सही केली. निकाह हा अक्द आहे, करार आहे, हे आपण भाषणांतून अभिमानाने सांगतो. मग करारात कलमे लिहायला का लाजायचे?

चार दिवसांनी महापालिकेच्या झोन कार्यालयात नोंदणी केली. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली सर्व धर्मांची लग्ने नोंदवता येतात, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सीमा विरुद्ध अश्विनीकुमार या प्रकरणात देशभर सर्वधर्मीयांसाठी नोंदणी सक्तीची करण्याचा आदेश दिला. तीन साक्षीदार, निकाह पढवणाऱ्या काझींची सही, दोघांचे फोटो. एवढ्यानेच एका मुलीचे लग्न जगात कुठेही दाखवता येण्याजोगे होते. आपल्यातले काही लोक नोंदणी म्हणजे शरीयतीत ढवळाढवळ समजतात. त्यांनी एकदा व्हिसाच्या रांगेत उभे राहून बघावे. नाव बदलण्याचा प्रश्नही निघाला. भाचीने बापाचे नाव कायम ठेवले. इस्लाममध्ये बाई नवऱ्याचे नाव लावत नाही, पासपोर्टवाल्यांचीही तशी सक्ती नाही. त्यामुळे तिच्या पदव्या, पासपोर्ट आणि निकाहनामा यांवर एकच नाव राहिले आणि पुढची अर्धी कटकट वाचली.

मग वाट पाहणे सुरू झाले. ते सोपे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. मार्च २०२३ मध्ये मुलाने अर्ज भरला. वर्ष गेले, काही हालचाल नाही. ती कॉलेजात शिकवीत राहिली, पीएच.डी.साठी नाव नोंदवले. गल्लीतल्या बायका विचारायच्या, "अजून गेली नाही? सगळे ठीक आहे ना?" लग्न झालेली मुलगी माहेरी दिसली की लोकांना तिच्या नवऱ्याची काळजी वाटू लागते. मुलगा एकदा ईदला पंधरा दिवस येऊन गेला. मधल्या काळात पर्यटक व्हिसावर तिने जाऊन यावे असे कुणी म्हणाले. पण कायमचे जाण्याचा अर्ज चालू असलेल्या माणसाला, हा परत येईल, असे समजून तो व्हिसा देणे अधिकाऱ्याला अवघड असते. ती गेली नाही.

२०२४ च्या जुलैत मुलाची नानी वारली. रोज फोनवर ती भाचीशी बोलायची. कामठीच्या जुन्या गल्ल्यांची नावे विचारायची, तिथली विहीर अजून आहे का म्हणायची. भाचीने जनाजा फोनच्या पडद्यावर बघितला आणि दिवसभर खोलीबाहेर आली नाही. वाग्दत्त वधूच्या वाटेने गेली असती तर कदाचित ती तोवर पोचली असती आणि नानीच्या उशाशी बसली असती. मेहुणे त्या दिवशी काही बोलले नाहीत, पण माझ्याकडे बघितले. मी नजर खाली घातली नाही. त्या घराच्या दुःखात आम्ही सगळे होतो. तरी त्यासाठी मुलीने खोटी सही करावी किंवा कुणाच्या मर्जीवर नव्वद दिवस काढावेत, असे मला त्या दिवशीही वाटले नाही. प्रत्येक वाटेची किंमत असते. ही किंमत मोठी होती आणि ती तिने स्वतः निवडून दिली.

डिसेंबर २०२४ मध्ये मुंबईला मुलाखत झाली. पासपोर्ट कार्यालयाचा पोलीस दाखला, वैद्यकीय तपासणी, निकाहनामा, महापालिकेचे प्रमाणपत्र, फोटो. अधिकाऱ्याने दहा मिनिटांत विचारायचे ते विचारले. नवऱ्याला एक हमीपत्रही द्यावे लागले होते. बायकोचे उत्पन्न तिथल्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापटीखाली जाऊ देणार नाही, अशी ती हमी. ती वाचताना मी थांबले, कारण तलाक झाला तरी ती हमी संपत नाही. बायको नागरिक होईपर्यंत किंवा साधारण दहा वर्षांच्या कामाची नोंद होईपर्यंत ती चालू राहते आणि बाई ती कोर्टात मागू शकते. आपल्याकडे शाहबानो प्रकरणापासून नफक्यावर किती रणे माजली! इथे एका परक्या सरकारने नवऱ्याकडून तो आधीच लिहून घेतला होता आणि कुणाचा दीन धोक्यात आला नव्हता.

फेब्रुवारी २०२५ मध्ये, रमजान लागायच्या आधी, ती गेली. तोवर निकाहाला दोन वर्षे पूर्ण होऊन गेली होती, म्हणून तिला सशर्त नव्हे, दहा वर्षांचे कार्ड मिळाले. ज्या उशिराबद्दल सगळे हळहळत होते, त्या उशिराने एवढे एक दान तिच्या पदरात टाकले. नानीची भरपाई त्याने होत नाही, हे तीही जाणते.

वाग्दत्त वधूची वाट वाईट आहे असे मी म्हणत नाही. जिचा निकाह खरोखरच तिकडे व्हायचा आहे, जिला मुलगा आणि त्याचे घर नीट ठाऊक आहे, जिच्या पाठीशी तिथे आपले कुणी आहे, तिला ती रास्तच. सांगायचे आहे ते एवढेच, की वाट निवडताना महिने मोजून निवडू नका. विमानतळावर उतरल्यापासून पुढचा प्रत्येक दिवस आपली मुलगी कायद्याने कोण असेल, तिच्या हातात कुठला कागद असेल आणि गरज पडली तर ती एकटी कुठे उभी राहू शकेल, हे आधी बघा. आणि ते मुलीलाच विचारा. काझीसाहेब तिची इजाजत निकाहाच्या दिवशी घेतात. आपण घरच्यांनी ती त्याच्या कितीतरी आधी घ्यायला हवी.